बापाचं नाव कुठल्या वहीत?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांनी पुन्हा वाचायची गरज नाही, पण ज्यांना लोकलच्या गर्दीत काही ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी ही लिखित प्रत. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' निम्मे काढलेत, निम्मे तसेच ठेवलेत.

बऱ्याच जणांनी मेसेज केला होता की बापांच्या मानसिक आरोग्यावर एक भाग करा. आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे मी आधी टाळलं. आणि खरं सांगायचं तर या विषयावर जे काही ऐकायला मिळतं ते सगळं शहरी फ्लॅटमधल्या बापाचं असतं. ऑफिसचा ताण, रात्री उठणारं बाळ, पॅटर्निटी लीव्ह मिळते की नाही. ते खरंच आहे. पण महाराष्ट्रात बाप, त्याचं मन आणि त्याच्या मुलाची वाढ या तीन गोष्टी एकमेकांत किती घट्ट गुंतलेल्या असतात याचा जुना पुरावा शोधायला निघालो, तर मी पोचलो डहाणू आणि तलासरीला. पालघर जिल्ह्याचं उत्तर टोक, पुढे लगेच गुजरात. घोलवडचा चिकू आणि वारली चित्रं, एवढीच आपल्यापैकी बहुतेकांची ओळख.

सुरुवात एका शब्दापासून करतो. लग्नगडी.

गडी म्हणजे कामाचा माणूस. लग्नासाठी ज्यानं जमीनदाराकडून पैसे उचलले आणि त्या पैशांपायी जो त्याच्याकडे राबायला लागला, तो लग्नगडी. वारली समाजात मुलाकडच्यांनी मुलीकडे देज द्यायची रीत. त्यात जेवणावळ, तांदूळ, ताडी. रोख पैसा कुणाकडेच नाही. जंगल सरकारी झालेलं, जमीन शे-सव्वाशे वर्षांत हळूहळू सावकार-जमीनदारांच्या नावावर गेलेली. मग पोरगा लग्नासाठी जमीनदाराच्या दारात उभा राहायचा. पैसे मिळायचे. आणि लग्न झालं की तो आणि त्याची नवी बायको, दोघंही त्या घरची. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, त्याबदल्यात पोटापुरतं काहीतरी. कर्ज किती फिटलं याचा हिशेब जमीनदाराच्या चोपडीत, आणि ती चोपडी वाचता येणारा वारली कुठून आणणार? कित्येकांचा जन्म त्यात जायचा. बाप गेला की मुलगा.

आता याच्याकडे जरा बापाच्या बाजूनं बघा. हा माणूस बाप व्हायच्या आधीच गहाण पडलेला आहे. त्याचं मूल जन्माला येईल तेव्हा त्याच्या स्वतःच्या दिवसातला एकही तास त्याचा नसेल. बायको बाळंत झाली तरी जमीनदाराचं काम थांबणार नाही. पोर चालायला लागलं की त्याच गोठ्यात शेण काढेल, थोडं मोठं झालं की त्याच मालकाची गुरं राखेल. मालकानं सगळ्यांसमोर मारलं तर मुलगा ते बघणार. मालकाची नजर बायकोवर गेली तर नवरा काय करणार? गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलंय. १९७० चं पुस्तक, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. अजून छापलं जातं. कॉलेजच्या लायब्ररीत नक्की असेल, काढून वाचा.

हे पुस्तक आपल्याकडे चळवळीचा इतिहास म्हणून वाचतात. मी या वेळी ते वेगळ्या डोळ्यांनी वाचलं आणि मला ते भीतीचं पुस्तक वाटलं. पानापानावर भीती आहे. पोलीस, जंगलखात्याचा शिपाई, सावकार, त्याचा मुकादम, सगळ्यांची भीती. माणसं बोलत नाहीत, प्रश्न विचारला तर उत्तर देत नाहीत, मान वर करत नाहीत. आज आपण याला मानसिक आरोग्याचा प्रश्न म्हटलं असतं. त्या काळी कुठल्याही डॉक्टरनं त्यावर एक ओळ लिहिलेली मला दिसली नाही. मात्र पुस्तकाचं नाव पुन्हा एकदा म्हणून बघा. जागं होणं ही मनाचीच गोष्ट आहे ना?

बाहेरच्यांना हे माहीत नव्हतं असंही नाही. सायमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं १९३० च्या दशकाच्या शेवटी मुंबई प्रांतातल्या आदिवासींवर सरकारसाठी अहवाल केला, त्यात लग्नापायी येणाऱ्या या गुलामीची नोंद आहे. अहवाल फायलीत गेला. लग्नगडी गोठ्यात राहिला.

मग आलं १९४५.

जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली तिथे गेले आणि आपली गाऱ्हाणी मांडून आले. (तलासरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेलं, तलासरी आपल्याकडे राहिलं. पालघर जिल्हा तर अगदी अलीकडचा, १ ऑगस्ट २०१४.) त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले आणि २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची परिषद भरली. हजारो माणसं जमली. ठरावांत काय होतं? वेठ करायची नाही. रोज बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर जायचं नाही. कुणी मारायला आलं तर एकजुटीनं उभं राहायचं.

परिषद संपली आणि लोक गावोगाव निघाले. लग्नगड्यांना जमीनदारांच्या घरांतून बाहेर काढत फिरले. कुठला कायदा नाही, कोर्टाचा हुकूम नाही. माणसं जाऊन सांगायची, चला, तुम्ही मोकळे. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, आणि शाळेच्या पुस्तकात ती मला कधीच भेटली नाही. जोडपी पोरांना घेऊन बाहेर पडली. इतिहासकार याला वेठबिगारीविरोधी लढा म्हणतात, बरोबरच आहे. पण एखाद्या पाच वर्षांच्या पोराच्या उंचीवरून बघा. काल मालकाची हाक आली की धावणारा बाप आज त्या हाकेला ओ देत नाही.

त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर गवतकापणीचा संप झाला. इथलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, व्यापार मोठा. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी. संप जोरात असताना १० ऑक्टोबर १९४५ ला तलासरी भागात जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. जेठ्या गांगड हे त्यातलं पहिलं नाव. दर १० ऑक्टोबरला तलासरीत हुतात्मा दिन पाळतात, लाल बावटे घेऊन माणसं येतात.

आता एक योगायोग. १० ऑक्टोबर हा १९९२ पासून जगभर मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तुमच्या फोनवर निळे-हिरवे पोस्टर येतात, 'बोलते व्हा' वगैरे. दोन्ही तारखा एकच असणं हा निव्वळ योगायोग आहे, त्यात काही अर्थ शोधू नका. फक्त या वर्षी ते पोस्टर फॉरवर्ड करताना तलासरी आठवा, एवढंच.

इथून गोष्ट दुसऱ्या वाटेला लागते, आणि त्या वाटेची सुरुवात डहाणूत नाही, भावनगरला आहे. थोडं मागे जाऊ.

गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला, आणि या पोराला वाढवायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. त्या काळची शाळा म्हणजे छडी आणि घोकंपट्टी. आपल्या पोराला तिथे घालायचं त्यांच्या जिवावर आलं. शोधता शोधता मॉन्टेसरी बाईंचं लिखाण हाती आलं, वकिली सुटली, आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणायचे. मिशावाली आई! गंमत बघा, पुरुष इतका जीव लावून मुलांत रमतोय म्हटल्यावर त्याला आईच म्हणावं लागलं, बाप या शब्दात ते मावेना. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे 'मा-बाप थवुं आकरुं छे'. आई-बाप होणं कठीण आहे. शंभर वर्षांपूर्वी हे कुणी मोकळेपणानं पुस्तकाच्या मुखपृष्ठावर म्हणत होतं, हेच मला फार धीर देणारं वाटलं.

१९२३ मध्ये त्यांच्या कामात एक मराठी बाई येऊन मिळाल्या, ताराबाई मोडक. लग्न मोडलेलं, पदरात लहान मुलगी. म्हणजे भारतीय बालशिक्षणाचा पाया घालणारे हे दोघं कोण, तर मुलाच्या काळजीनं धंदा सोडलेला एक बाप आणि एकटीनं मुलगी वाढवणारी एक आई. १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या, दादरला शाळा चालवली, आणि मग त्यांना वाटायला लागलं की हे सगळं शहरातल्या सुस्थितीतल्या मुलांसाठीच चाललंय. खेड्यात जायला हवं.

त्या गेल्या बोर्डीला. डहाणूजवळचं समुद्रकाठचं गाव. सोबत अनुताई वाघ. बालपणीच लग्न झालेल्या, काही महिन्यांत विधवा झालेल्या, पुढे जिद्दीनं शिकलेल्या. ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, साल १९४५. हो, तेच साल. झरीची परिषद, तलासरीचा गोळीबार आणि बोर्डीची बालवाडी, सगळं एकाच वर्षात, एकमेकांपासून काही कोसांवर. एका बाजूला लाल बावटा, दुसऱ्या बाजूला गांधींच्या वळणाचं विधायक काम. दोघांचे रस्ते वेगळे, विचार वेगळे. पण समोरचं घर एकच होतं.

ताराबाईंना काय दिसलं ऐका. बालवाडी उघडली, मुलं येईनात. आता शहरातला माणूस काय म्हणाला असता? पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. आजही म्हणतात. ताराबाईंनी बघितलं की मूल रिकामं नाहीच आहे. आई-बाप दोघं मजुरीला गेलेत. सहा-सात वर्षांची पोरगी कडेवर धाकट्याला घेऊन बसलीये, ती शाळेत आली तर त्याला कोण बघणार? तिचा भाऊ गुरांमागे गेलाय. मूल शाळेत न येण्याचं कारण मुलात नव्हतं, आई-बापाच्या दिवसाच्या हिशेबात होतं.

म्हणून शाळाच उठून मुलांकडे गेली. वस्तीतल्या एखाद्या घराच्या अंगणात जाऊन बसायचं, असतील ती पोरं गोळा करायची, आधी त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खडे, शिंपले, पिसं, बिया मोजायच्या. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. तुमच्या गल्लीतल्या पाटीवर जो शब्द आहे ना, तो इथला. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांच्या मधोमध. तिथे कुरणशाळा निघाली. गुराखी पोरं जिथे गुरं चारतात त्या कुरणात शिक्षक जाणार. गुरं चरतायत, शाळा चाललीये. आणि विकासवाडी, म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे ताई धाकट्याला पाळण्यात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकते.

मला यातली कुरणशाळा सगळ्यांत आवडते, पण सगळ्यांत शहाणी कल्पना विकासवाडीची. कारण त्यात मूल एकटं धरलेलं नाही. त्याची बहीण, त्याची आई, तिची मजुरी, सगळं धरलंय. ताराबाईंना १९६२ ला पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ ला पद्मश्री. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यांनी घडवलेला शब्द देशभर गेला तो त्यांच्यानंतर.

त्याच्याकडे जाण्याआधी एक छोटं वळण घेतो, कारण ही व्यक्ती सोडून पुढे जाववत नाही. जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४, तलासरी तालुक्यातलं धामणगाव. नंतर डहाणूतल्या गंजाडला राहिले. वारली चित्रकला जगाला माहीत झाली ती त्यांच्यामुळे, २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये गेले. त्यांच्याबद्दल असं सांगतात की लहानपणी आई गेली आणि या मुलानं बोलणंच सोडलं. काही सांगायचं झालं की धुळीत चित्र काढायचा. आज असं मूल दिसलं तर आपण काउन्सेलर शोधू. तेव्हा त्या पोराजवळ काय होतं? माती आणि बोट. आणि आजूबाजूला अशी माणसं, ज्यांनी ती धुळीतली चित्रं वाचली. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहिणं हे बायकांचं काम. सवाशिणी लिहायच्या, धवलेरी गायची. जिव्यांनी ते हातात घेतलं, लग्नाबाहेर नेलं, रोज काढू लागले. आणि पुढे त्यांच्या मुलांनीही कुंचला धरला. बायकांची कला बापाकडून मुलाकडे गेली. बाप मुलाला काय देतो, याचं इतकं वेगळं उदाहरण त्याच भागात आहे जिथे आधीच्या पिढीत बाप मुलाला कर्ज देऊन जायचा.

आता १९७५.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. ३३ ठिकाणी, प्रयोग म्हणून. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आणि त्याच ऑक्टोबरच्या २४ तारखेला वेठबिगारी रद्द करणारा अध्यादेश निघाला, पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. तीन आठवड्यांच्या अंतरानं. म्हणजे १९४५ मध्ये डहाणू-तलासरीत जे दोन धागे शेजारी शेजारी होते, ते दोन्ही तीस वर्षांनी दिल्लीत पोचले. पण दोन वेगळ्या फायलींतून. मुलाचं पोषण एका खात्यात. बापाचं कर्ज दुसऱ्या खात्यात. आजही गावात ते तसंच आहे. वजनाचा काटा अंगणवाडीताईकडे, आणि उचलीची तक्रार करायची तर तहसीलदाराकडे. या दोन टेबलांना एकमेकांचं काहीच माहीत नसतं.

अंगणवाडीच्या योजनेत कोण आहे? सहा वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, स्तनदा आई. २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा आयांना गरम जेवण. हे सगळं हवंच. उलट आयांना मिळतं ते कमीच आहे. माझं म्हणणं इतकंच की बाप या चित्रातून पूर्ण गायब झाला. मुलाच्या नावापुढे लिहायला त्याचं नाव लागतं, तेवढं ते असतं.

गेल्या वर्षी तलासरीच्या बाजूला एका पाड्यावरच्या अंगणवाडीत मी तासभर बसलो होतो. ताई मुलांची वजनं घेत होत्या. मी सहज विचारत गेलो, याचे वडील? कंपनीत. हिचे? बोटीवर. याचे? तेही बोटीवर. मग एका पोरीच्या वेळी ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दादा, आता नका विचारू."

कंपनीत म्हणजे उंबरगाव, सरीगाम, वापी. पहाटेची गाडी किंवा जीप, रात्री परत. काहींची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-वसईच्या बाजूला, पोरांसकट, आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने ते मूल इथल्या काट्यावर नसतं. आणि बोटीवर म्हणजे गुजरातच्या बोटी. वेरावळ, पोरबंदर, ओखा. पावसाळ्याची बंदी संपली की खलाशी म्हणून जायचं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत समुद्रावर. जाण्याआधी मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतलेली असते. घराची दुरुस्ती, आजारपण, आणि अर्थातच लग्न. उचल हा शब्द ऐकला की मला लग्नगडी आठवतो. दोन्ही एकच आहे असं मी म्हणणार नाही. आजचा खलाशी मोबाइल बाळगतो, मालक बदलू शकतो, घरी पैसे पाठवतो. पण कामाआधी पैसा आणि मग त्या पैशामागे वर्ष, ही चाल तीच आहे.

बोटीवरच्या बापांची एक यादी मात्र आहे, आणि ती वर्षातून दोनदा निघते. १ जानेवारी आणि १ जुलै. २००८ मध्ये झालेल्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या याद्या या दोन दिवशी देतात-घेतात. मासे शोधत बोट कच्छच्या पुढे जाते, समुद्रात रेघ मारलेली नसते, पाकिस्तानची मेरिटाइम सिक्युरिटी एजन्सी बोट पकडते, माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्ताननं २१७ भारतीय मच्छीमार आपल्या ताब्यात असल्याचं सांगितलं. हा आकडा सगळ्या देशाचा, बहुतेक बोटी गुजरातच्या. पण त्या बोटींवर खलाशी म्हणून डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण असतात, आणि या भागातले बाप तिथे अनेकदा अडकलेत. शिक्षा काही महिन्यांची असते. ती संपल्यावरही माणूस सुटत नाही, कारण मग नागरिकत्वाची पडताळणी, मग दोन देशांचे संबंध कसे आहेत ते. २०२३ मध्ये तुकड्यातुकड्यांनी शेकडो मच्छीमार सुटून वाघा सीमेवरून परत आले. त्याआधी आणि त्यानंतर महिनेन् महिने काहीच नाही.

अशा घरात मुलाला काय सांगायचं? बाप मेलेला नाही, पण येतही नाही. फोन लागत नाही. उचल फिटली का, माहीत नाही. आई रोज मजुरीला जाते आणि कुठून काही कळेल म्हणून कान तिकडे लावून असते. आणि तिकडे मलीरमध्ये बसलेल्या माणसाला आपलं पोर आता किती मोठं झालं असेल याचा फक्त अंदाज करता येतो. परत आल्यावर पोर ओळखत नाही. परक्या माणसाला बघून लपावं तसं आईच्या मागे जातं. त्या क्षणासाठी त्या बापाला कुणी तयार केलेलं नसतं.

बापाच्या मनाचा मुलावर परिणाम होतो हे आता नुसतं वाटण्यापुरतं राहिलेलं नाही. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास आला. बाळ आठ आठवड्यांचं असताना ज्या बापांना नैराश्य होतं, त्यांच्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या वयात वागण्याच्या आणि भावनांच्या अडचणी जास्त दिसल्या, आईच्या नैराश्याचा भाग वेगळा काढल्यानंतरही. २०१० मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून बघितलं तर बाळाच्या जन्माच्या आगेमागे साधारण दहातल्या एका बापाला नैराश्य येतं असं निघालं. हे आकडे मुख्यतः श्रीमंत देशांतले आहेत, ते उचलून तलासरीला चिकटवू नका. पण दिशा कळते.

आणि आपल्याकडे उत्तर काय मिळतं? "ते लोक दारू पितात." संपला विषय. डहाणूच्या चहाच्या टपरीपासून सरकारी कचेरीपर्यंत हे वाक्य मी ऐकलंय. पितात, काही जण खूप पितात, आणि त्याचा मार बायका-पोरांना बसतो, हे मी झाकणार नाही. पण हे वाक्य म्हणणाऱ्यांपैकी कितीजण पुढचा प्रश्न विचारतात? रात्री झोप लागत नाही असं सांगणारा माणूस आधी भगताकडे जातो, कारण भगत पाड्यावर आहे, त्याची भाषा बोलतो आणि त्याचं ऐकून घेतो. मानसोपचाराचा डॉक्टर कुठे आहे? ताराबाईंनी बालवाडीत मुलं येईनात तेव्हा जे केलं ते इथे अजून कुणी केलेलं नाही. दवाखाना उठून अंगणात आलेला नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नंबर सेव्ह करा, घरातल्या पुरुषांच्या फोनमध्येही करून द्या. पाड्यावर रेंज येते का, हा वेगळा प्रश्न, आणि बोटीवर तर नाहीच.

गंमत म्हणजे, गंमत हा शब्द इथे चुकीचाच आहे, पण सगळा कागदोपत्री इतिहास उलगडून बघितला तर डहाणू-तलासरीचा बाप सापडतो कुठे? जमीनदाराच्या चोपडीत, कर्जदार म्हणून. १९४५ च्या पोलीस कागदांत, आरोपी म्हणून. मुकादमाच्या वहीत, उचलीच्या रकमेपुढे. आणि १ जुलैच्या यादीत. बाप म्हणून त्याची नोंद करणारी वही मला एकच आठवते, आणि तीही पूर्ण नाही. ती म्हणजे ताराबाई आणि अनुताईंनी घरोघरी फिरून जमवलेली माहिती. मूल का येत नाही, याचं उत्तर शोधताना त्यांना आई-बाप दोघांचा दिवस लिहून काढावा लागला.

आज इथेच थांबतो, पण तुमच्याकडून एक हवंय. डहाणू, तलासरी, घोलवड, बोर्डी, उंबरगाव या पट्ट्यातले बरेच जण ऐकता, हे मला मेसेजवरून माहीत आहे. तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडून लग्नगडी हा शब्द ऐकला असेल, कुणाचा बाप किंवा आजा त्यातून सुटून आला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. वारलीत बोला, दावरीत बोला, जमेल तसं बोला. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत, तेव्हा परीक्षा संपल्यावर करतो म्हणू नका. या आठवड्यात जाऊन बसा त्यांच्याजवळ.